वेलींच्या गुंत्यातला शिंपी

संपादकांनी यंदा ‘काठ’ हा विषय दिला. नदीकाठावर आणि समुद्रकाठावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी रानाचा काठ मागून घेतला. तेव्हाही डोक्यात एक पक्षीच होता. टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यात उसांबारा नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या पूर्वेकडच्या रांगेत, रान जिथे फाटतं तिथल्या वेलींच्या जाळीत राहणारा, किडे खाणारा, वीतभरही नसलेला राखाडी पक्षी. इंग्रजीत त्याला लाँग-बिल्ड टेलरबर्ड म्हणतात. या लेखात मी त्याला लांबचोच्या शिंपी म्हणणार आहे. तो सगळा मिळून 250च्या आतच उरला असावा, असा अंदाज पक्षिअभ्यासक कितीतरी वर्षं देत आले. त्याच्यासाठी मी त्याच रांगेतल्या आमानीला गेले.

मुहेझाहून वर

टांगा बंदराच्या अलीकडे मुहेझा हे बाजाराचं गाव लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग, मागे घायपाताची शेतं. तिथून आमानीची कच्ची वाट फुटते आणि थोड्याच वेळात लोंगुझाच्या सागवनात शिरते. परदेशात साग दिसला की मराठी माणूस थांबतोच. ही आशियातून आणून केलेली लागवड आहे. एका वयाची, ओळीत उभी केलेली झाडं, आणि खाली जमीन जवळजवळ रिकामी. पुढे सिगीला जर्मन अमदानीत लाकूड वाहून नेणाऱ्या रेल्वेचं स्टेशन होतं. रूळ कधीच गेले. स्टेशनमास्तरच्या घरात आता राखीव जंगलाचं माहिती केंद्र आहे. तिथून खरा चढ सुरू होतो, आणि हजारेक मीटर उंचीवर पोहोचेपर्यंत हवा पार बदललेली असते.

या डोंगरांचं सगळं गणित हिंदी महासागरावर चालतं. समुद्रावरून आलेले ओले वारे इथे पहिल्यांदा अडतात. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबरनंतर धाकटा पाऊस, आणि मधल्या महिन्यांतही धुकं आणि भुरभुर चालूच. खालचं मैदान कोरडं पडलं तरी वरचं रान ओलं राहतं. केनियातल्या ताईता टेकड्यांपासून टांझानियातल्या उड्झुंग्वापर्यंत अशा जुन्या डोंगरांची एक कमान आहे, तिला ईस्टर्न आर्क म्हणतात. प्रत्येक डोंगरावरचं ओलं रान शेजारच्या डोंगरापासून कोरड्या मैदानाने तोडलेलं. एवढा काळ वेगळं राहिल्यावर प्रत्येक डोंगराची जीवसृष्टी स्वतंत्र वाटेने गेली. पुण्या-मुंबईच्या खिडक्यांत कुंडीत फुलणारं आफ्रिकन व्हायोलेटसुद्धा मूळचं इथल्या ओल्या खडकांवरचं. बॅरन फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याने ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पाठवलं.

आमानीत जर्मनांनी 1902 साली वनस्पती उद्यान आणि शेती संशोधन केंद्र काढलं. जगभरची उपयोगाची झाडं आणून लावून पाहायची, हे त्याचं काम. सिंकोना, रबर, मसाल्याची झाडं, इमारती लाकडाची झाडं. पहिल्या महायुद्धात रसद तुटली तेव्हा जर्मन सैन्याला लागणारं क्विनीन इथल्याच सिंकोनापासून बनलं. आज या बागेच्या वाटांवर चालताना कुठलं झाड इथलं आणि कुठलं पाहुणं, हे सोबतच्या माणसाला विचारावं लागतं. या प्रश्नाला इथे किती महत्त्व आहे ते पुढे येईलच.

ग्रंथपाल, त्याची बायको आणि सालिमू

ब्रिटिशांच्या काळात, 1928 साली, रेजिनाल्ड मोरो या केंद्रात आले. पक्षिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. इंग्लंडमध्ये लष्करी हिशेबतपासणीच्या खात्यात नोकरी करताना तरुणपणीच संधिवाताने गाठलं, म्हणून ते कोरड्या हवेच्या कैरोला गेले. तिथल्या वाळवंटात पक्षी पाहण्याचा नाद लागला आणि इजिप्तमध्येच विनिफ्रेड भेटल्या. आमानीत मोरो ग्रंथालय आणि कचेरीचं काम सांभाळत, आणि उरलेला सगळा वेळ दोघंही पक्ष्यांना देत. त्यांच्याबरोबर सालिमू आस्मानी नावाचे स्थानिक सहकारी होते. दाट रानात घरटं शोधणं आणि त्यावर तासन् तास नजर ठेवणं हे काम अशा माणसांशिवाय होत नाही. आफ्रिकेतल्या पक्षिशास्त्राच्या इतिहासात अशी माणसं तळटिपांत उरली. सालिमूंचं नाव निदान उरलं.

लांबचोच्या शिंपी शास्त्राच्या नोंदीत आला तो या घरामुळे. पक्षिशास्त्रज्ञ विल्यम स्क्लेटर यांनी 1931 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि मोरोंचं नाव त्याला जोडलं. शास्त्रीय नाव आज आर्टिसॉर्निस मोरोई असं आहे. पुढे 1938 मध्ये मोरोंनी दक्षिणेकडच्या उलुगुरू डोंगरांतल्या एका तांबड्या डोक्याच्या पक्ष्याला विनिफ्रेड यांचं नाव दिलं. दोघांच्या नावाचे दोन पक्षी, एकाच कमानीतल्या दोन वेगळ्या डोंगरांत, आणि दोघांचीही चिंता आज करावी लागते.

मोरो दांपत्याचं आणखी एक काम मला या पक्ष्याच्या संदर्भात महत्त्वाचं वाटतं. उष्ण कटिबंधातले पक्षी थंड प्रदेशातल्या त्यांच्या नातलगांपेक्षा कमी अंडी घालतात, याचा मोरोंनी आफ्रिकेतल्या असंख्य घरट्यांच्या नोंदी लावून अभ्यास केला, आणि 1944 मध्ये तो ‘आयबिस’ या नियतकालिकात छापला. युरोपातली एखादी रामगंगा आठ-दहा अंडी घालते, तिथे आफ्रिकेच्या रानातला तेवढाच पक्षी दोन-तीनवर थांबतो. त्यातलीही बरीच घरटी साप आणि माकडं लुटतात. अशा पक्ष्यांचं आयुष्य तुलनेने लांब असतं, आणि सावकाश, थोडी थोडी पिल्लं वाढवत वंश टिकतो. असा पक्षी एकदा कमी झाला की भराभर भरून येत नाही.

आपल्या बागेतला शिंपी पानं शिवून घरटं करतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. हा आफ्रिकन पक्षी काही काळ त्याच्याच प्रजातिकुळात गणला जात होता. त्याआधी त्याची गणना ॲपालिस नावाच्या आफ्रिकन पक्ष्यांत होती. नंतरच्या अभ्यासात तो आपल्या शिंप्याच्या थेट घरातला नाही, हे स्पष्ट झालं. आज आपला शिंपी, आपला वटवट्या आणि हा लांबचोच्या, हे तिघंही एका मोठ्या कुटुंबात मोडतात, पण नातं दूरचं.

झाड पडलं की

सकाळी आमानीत पहिला आवाज असतो तो रुपेरी गालांच्या धनेशांचा. ते झाडांच्या शेंड्यांवरून कर्कश ओरडत, पंखांचा मोठा फडफडाट करत जातात. आमच्या वाटाड्याचं वय साठीच्या पुढचं. मी ‘शिकामू’ म्हटलं, त्यांनी ‘मराहाबा’ म्हणून आशीर्वाद दिल्यासारखा हात वर केला, आणि पुढे फारसं न बोलता चालू लागले. मला वाटलं होतं, आपण रानाच्या पोटात शिरणार. ते मला रानाच्या कडेकडेने, चहाच्या मळ्याच्या बांधावरून घेऊन गेले.

एका ठिकाणी ते थांबले. काही वर्षांपूर्वी तिथे एक मोठं झाड शेजारची दोन घेऊन पडलं होतं. वर आभाळाचा तुकडा उघडा पडला होता, आणि त्या उजेडात वेलींनी सगळा ताबा घेतला होता. पडलेल्या खोडावर, उभ्या झाडांच्या बुंध्यांवर, फांद्यांवरून खाली, पुन्हा वर. पलीकडचं काही दिसत नव्हतं. वाटाडे म्हणाले, “इथे थांबायचं.”

दाट जुन्या रानात जमिनीपर्यंत उजेड फार कमी पोहोचतो. वेलींना दोन गोष्टी लागतात, उजेड आणि आधार. नुसत्या उघड्या माळावर उजेड असतो पण चढायला झाड नसतं. गर्द सावलीत झाड असतं पण उजेड नसतो. झाड पडून झालेली मोकळीक आणि रानाची कड, या दोनच ठिकाणी दोन्ही एकत्र मिळतात. तिथे वेली माजतात, त्यांच्या पानांआड किडे आणि अळ्या वाढतात, आणि सुकी पानं जाळीत अडकून त्यांचे पुंजके होतात. लांबचोच्याचं सगळं जगणं या जाळीत. त्याची चोच त्याच्या आकाराच्या मानाने लांब आणि बारीक असते. पानांच्या बेचक्यांत, फटींत ती घालून तो किडे टिपतो. उडून किडा पकडण्याचा त्याचा स्वभाव नाही, आणि जमिनीवर तो क्वचितच येतो.

ही जागा कायमची नसते, हेच त्याच्या दृष्टीने सगळ्यात अवघड. काही वर्षांत खालची रोपटी वर येतात, छत पुन्हा मिटतं, वेलींना उजेड कमी पडतो आणि गुंता विरळ होतो. मग पक्ष्याला दुसरीकडे, नव्या मोकळिकीकडे जावं लागतं. मोठ्या, अखंड रानात कुठे ना कुठे झाड पडतच असतं, त्यामुळे त्याची सोय होत राहते. रानाचे तुकडे झाले की पुढची मोकळीक पलीकडच्या तुकड्यात, मधे चहा किंवा उघडं शेत. हा पक्षी लांब उड्डाणाचा नाही.

बऱ्याच वेळाने आवाज आला. धातूच्या पट्टीवर हलके ठोकावं तसा, एकच सूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा. थोड्या वेळाने वेलींच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर. नर-मादी असा एकमेकांना प्रतिसाद देत गातात. ध्वनिमुद्रण वाजवून पक्षी बाहेर बोलावता येतो, ते बरेच पर्यटक करतातही. आमच्या वाटाड्याने ते केलं नाही. “तो मग सकाळभर शत्रू शोधत बसतो,” ते म्हणाले, “खायचं कधी?” इतक्या थोड्या उरलेल्या पक्ष्यांबाबत मला हा नियमच व्हावा असं वाटतं. अखेर पानं हलली. राखाडी अंग, तोंडावर तांबूस छटा, सारखी हलणारी लांब शेपटी, आणि ती चोच. मग पुन्हा नुसत्या वेली.

वेल कापायची पद्धत

वनखात्याच्या जुन्या शास्त्रात वेलीला मान नव्हता. वेल झाडाचा उजेड खाते, खोड वाकडं करते, झाड पडलं की शेजारच्यांना ओढून पाडते. लाकूड हे ज्या रानाचं उत्पन्न, तिथे वेल म्हणजे नुकसान. त्यामुळे वेली तोडणं हे रानाच्या निगराणीतलं नेहमीचं काम ठरलं, आफ्रिकेत ठरलं तसं भारतातही ठरलं. आपल्या कित्येक वनविभागांच्या कार्य आयोजनांत हे काम लिहिलेलं सापडेल. चहाच्या मळ्याला लागून असलेली रानाची कड तर साफच ठेवली जाते, म्हणजे मळ्यात वेल शिरत नाही. गावकऱ्यांनाही दोरासाठी, कुडाच्या बांधणीसाठी वेल लागते. झाड तुटलं की गवगवा होतो. वेल तुटल्याची नोंद कोणी ठेवत नाही.

वेलदोड्याची गोष्ट याहून अवघड आहे. दक्षिण भारतातल्या घाटांतला हा मसाला, स्वाहिलीत ‘इलिकी’. विसाव्या शतकात तो पूर्व उसांबाऱ्यात रुजला आणि डोंगरातल्या कुटुंबांच्या हातात रोख पैसा येऊ लागला. वेलदोड्याला सावली लागते. म्हणून शेतकरी मोठी झाडं ठेवतो आणि खालचा सगळा झाडोरा, रोपटी, वेली काढून टाकतो. वरून पाहिलं तर रान जसंच्या तसं दिसतं, आत शिरलं की बगिचा असतो. काही वर्षांनी जमिनीचा कस जातो, वेलदोडा उतरतो, मग मोठी झाडंही जातात आणि केळी, कसावा येतो. डेरेमा नावाचा रानाचा पट्टा दोन मोठ्या राखीव जंगलांना जोडतो. तो जोडून राहावा म्हणून तिथली वेलदोड्याची शेती थांबवली गेली आणि हजाराहून अधिक शेतकऱ्यांना पिकांची भरपाई दिली गेली. जोडणीचा निर्णय मला योग्य वाटतो. पण ज्यांच्या घरात वेलदोड्यावर मुलांच्या शाळेची फी भरली जात होती त्यांच्याशी बोललं की कळतं, एकदा मिळालेली रक्कम दरवर्षीच्या पिकाची जागा घेत नाही. रानाच्या किमतीचा मोठा वाटा त्यांनी दिला आहे, हे कोणत्याही अहवालात पहिल्या पानावर असायला हवं.

लाकूडतोडीचाही एक काळ होऊन गेला. टांग्यातल्या सिख सॉ मिल्सने या डोंगरांतलं लाकूड यंत्रांनी काढलं, आणि त्या यंत्रांसाठी फिनलंडची मदत मिळाली होती. डोंगर उघडे पडू लागल्यावर टीका झाली, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ही तोड थांबली आणि त्याच फिनलंडने पुढे पाणलोटाचं रान राखायला पैसा दिला. टांगा शहर जे पाणी पितं ते याच डोंगरांतल्या सिगी नदीचं, हा युक्तिवाद तेव्हा पक्ष्यांपेक्षा जास्त उपयोगी पडला. 1997 मध्ये आमानीला निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

तोड थांबली, तरी मोकळ्या झालेल्या जागा कोणी भरल्या? इथे बागेतला पाहुणा येतो. मेसोप्सिस हे आफ्रिकेतलंच, पण इथलं नसलेलं, झपाट्याने वाढणारं झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमानीत लावलं गेलं. त्याची फळं त्या रुपेरी गालांच्या धनेशांना फार आवडतात. ते फळ खातात, बी दूर टाकतात, आणि जिथे उजेड पडला असेल तिथे मेसोप्सिस सगळ्यांच्या आधी उभं राहतं. धनेशाचा यात काही दोष नाही, तो हजारो वर्षं हेच काम करत आला. पण जिथे पूर्वी स्थानिक वेलींचा गुंता होऊन हळूहळू जुनं रान परतलं असतं, तिथे आता हे एकच झाड माजलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं.

जाळ्यांतून कळलेलं

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ विल्यम न्यूमार्क यांनी 1987 पासून उसांबाऱ्याच्या रानांच्या तुकड्यांत जाळी लावून पक्षी पकडण्याचं, पायात कडी घालून सोडण्याचं काम चालू ठेवलं आहे. लहान-मोठ्या तुकड्यांत तेच काम वर्षानुवर्षं केल्यामुळे एक चित्र हाती आलं. तुकडा जितका लहान आणि एकटा, तितके त्यातले खालच्या थरातले पक्षी कमी होत जातात, आणि हे रान तुटल्यानंतर लगेच होत नाही, दशकानुदशकं चालू राहतं. म्हणजे आज रान तोडणं थांबलं तरी मागच्या तोडीची वसुली पुढच्या पिढ्यांतल्या पक्ष्यांकडून होत राहते. त्यावर न्यूमार्क आणि सहकाऱ्यांचा उपाय ठोस आहे. तुकड्यांमधल्या मोक्याच्या जागी रान पुन्हा उगवू द्यायचं. लहानसं क्षेत्र जोडलं तरी पक्षी नाहीसे होण्याचा वेग बराच उतरतो, असं त्यांचं गणित सांगतं.

लांबचोच्याला अशी जोडणी हवीच, शिवाय त्या जोडणीत वेलीही हव्यात. त्याच्यासाठी काम करणाऱ्या अभ्यासकांनी रानात ठरवून काही झाडं कमी करून उजेड पाडण्याचाही विचार केला आहे. राखीव जंगलात झाड पाडायचं, हे ऐकताना आपल्याला बोचतं. पण दर वेळी वाऱ्याने झाड पाडायची वाट पाहण्याइतका वेळ या पक्ष्याकडे आहे असं मला वाटत नाही, आणि काळजीपूर्वक, थोड्या जागी, मेसोप्सिसचीच झाडं काढून हे होणार असेल तर ते करून पाहावं.

नऊशे किलोमीटरवरचं भावंड

पक्षिशास्त्रज्ञ कॉन्स्टंटाइन बेन्सन यांच्यासाठी 1945 साली उत्तर मोझांबिकच्या जेसी पठारावर पक्षी गोळा केले गेले, त्यांत हाच पक्षी निघाला. उसांबाऱ्यापासून हे पठार नऊशेहून अधिक किलोमीटरवर, मधे त्याचा मागमूस नाही. त्यानंतर मोझांबिकमध्ये दीर्घ युद्ध झालं आणि कोणी तिथे गेलं नाही. 2001 मध्ये क्लेअर स्पॉटिसवुड आणि पीटर रायन हे पक्षिअभ्यासक वर पोहोचले, आणि पक्षी तिथे होता. आता काही याद्यांत या मोझांबिकमधल्या पक्ष्याला स्वतंत्र जात मानतात. तसं धरलं तर उसांबाऱ्यातले पक्षी आणखीच एकटे पडतात. त्यांची जागा भरून काढायला दुसरीकडून कोणी येणार नाही.

रानाच्या कडेची माणसं

परतीच्या वाटेवर एका गावात फुलपाखरांची जाळीची घरं पाहिली. टांझानिया फॉरेस्ट कॉन्झर्व्हेशन ग्रुपच्या मदतीने आमानीच्या आसपासच्या गावांनी फुलपाखरं वाढवून त्यांचे कोष परदेशातल्या प्रदर्शनगृहांना विकायला सुरुवात केली होती. अळ्यांना खायला कोणती झुडपं लागतात हे शिकावं लागतं, ती घराजवळ लावावी लागतात. यात बायकांचा मोठा सहभाग होता, आणि रान राहिलं तर फुलपाखरं राहतील हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. 2016 मध्ये टांझानिया सरकारने जिवंत वन्यजीवांच्या निर्यातीवर बंदी घातली. ती आणली होती मोठ्या प्राण्यांच्या चोरट्या व्यापारासाठी, पण कोषही तिच्यात सापडले. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचं उत्पन्न एका कागदाने थांबतं आणि मग तो पुन्हा रानाकडे वळतो. हत्ती आणि फुलपाखराचा कोष यांना एका नियमात बसवणं ही चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाटाड्यांना मी निरोप घेताना विचारलं, की रानासाठी एक गोष्ट करायची तर कोणती? ते म्हणाले, मळ्याच्या बांधापासून पंधरा-वीस पावलं कोयता चालवू नका. एवढं केलं तरी कडेला वेली उभ्या राहतील.

आपल्याकडेही हे करण्यासारखं आहे. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या देवराया मंदिराच्या जीर्णोद्धारात ‘साफ’ होत आहेत. झाडं ठेवतात, गारंबीसारख्या वेली आणि खालचा झाडोरा काढतात, फरशी घालतात. तुमच्या गावात असं काम निघालं तर ग्रामसभेत उभं राहा, आणि वेलींना कोयता लावू नका असं सांगा. मंडळी तयार नसतील तर निदान कडेची पंधरा-वीस पावलं मागून घ्या.